नेटमध्ये हिरो, मॅचमध्ये झीरो!

सरावात कडक फटके मारणारी पोरं मॅचमध्ये दुसऱ्याच बॉलला का उडतात? नागोठण्याच्या मैदानावर एका तेरा वर्षांच्या बॅट्समनसोबत घालवलेल्या दोन रविवारांची ही गोष्ट. यात शिवाजी पार्क आहे, सचिन आहे, अमेरिकेतला बेसबॉल आहे आणि हो, तुमचं सोमवारचं प्रेझेंटेशनसुद्धा आहे!

रविवार. सकाळचे साडेसात. मुंबईत असते तर या वेळेला मी दुसऱ्यांदा अलार्म बंद करून कूस बदलली असती. पण इथे नागोठण्यात अंगावर मामीची शाल, हातात स्टीलच्या पेल्यातला चहा आणि समोर धुक्यातून हळूहळू दिसायला लागलेलं मैदान. पलीकडे अंबा नदी, अलीकडे भात कापून झालेली शेतं, लांबून हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न. आणि मध्येच एक आवाज. टॉक्! टॉक्!

बॉल बॅटच्या बरोब्बर मधोमध लागला की येतो ना, तोच आवाज. क्रिकेट कळत नसलं तरी कानाला कळतो.

माझा मामेभाऊ इथल्याच एका कंपनीत शिफ्ट ड्युटी करतो. रविवारची सुट्टी जुळली की गावातली दहा-बारा पोरं गोळा करून त्यांना सीझन बॉलचं क्रिकेट शिकवतो. फी शून्य. नेट म्हणजे चार बांबूंना बांधलेलं मासेमारीचं जुनं जाळं. त्या जाळ्यात त्या सकाळी बॅटिंग करत होता दादाचा मुलगा. वय वर्षं तेरा. ('आत्या, माझं नाव छापू नको हां, शाळेत चिडवतात,' अशी सक्त ताकीद आहे. तेव्हा आपण त्याला नुसतं साहेब म्हणू.)

दादा पंधरा पावलांवरून बॉल टाकत होता आणि साहेब ड्राइव्ह मारत होते. एक, दोन, दहा, पन्नास. तोच टप्पा, तोच वेग, तोच फटका. बॅट सरळ, डोकं स्थिर, एल्बो वर. कोणीही मोबाइलवर व्हिडिओ काढावा असं देखणं काम!

दुपारी रोह्याहून एक टीम मॅच खेळायला आली. साहेब तीन नंबरला उतरले. पहिला बॉल सोडला. दुसरा बॉल थोडा हळू आला, साहेबांची बॅट आधीच फिरून गेली आणि मागे मिडल स्टंप आडवा.

सीमारेषेवरून दादाचा आवाज आला, 'अरे, किती वेळा सांगितलं, बॉल बघ!'

साहेब किटबॅगच्या मागे जाऊन बसले. पॅड काढलेच नाहीत. बऱ्याच वेळानं मी शेजारी जाऊन बसले तेव्हा एवढंच बोलले, 'आत्या, मला आता नाय खेळायचं. सोडणारे मी.'

रात्री अंगणात पोपटी लावली होती. मडक्यातून वालाच्या शेंगांचा वास सुटलेला, सगळे खुशीत आणि दादा एकटाच गप्प. शेवटी म्हणाला, 'सकाळी बघितलंस ना तू? नेटमध्ये काय मारतो! या सीझनला ही पाचवी मॅच, पाचही वेळा दहाच्या आत. पोरगा मनानं कच्चा आहे गं.'

मला ते काही पटेना. मुंबईला परतले, पण डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं, थोडं शोधलं. जे हाताला लागलं ते वाचून मी दादाला फोन केला आणि म्हटलं, 'पोरगा कच्चा नाहीये रे. सराव कच्चा आहे!'

बॉल बघ म्हणजे काय बघ?

आधी जरा गणित. काळजी नको, कॅल्क्युलेटर लागणार नाही.

खेळपट्टी 22 यार्डांची. दोन्हीकडच्या क्रीझ वजा केल्या तर बॉलरचा हात ते बॅट यात साधारण पावणेअठरा मीटर उरतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं ताशी 90 किलोमीटरनं बॉल टाकला, तर तो बॅटपर्यंत यायला साधारण 0.7 सेकंद लागतात. त्यातले 0.2 सेकंद तर डोळ्यांनी बघितलेलं शरीरापर्यंत पोचण्यातच जातात. बेसबॉलमध्ये तर आणखी वाईट परिस्थिती. ताशी 150 किलोमीटरचा पिच हातातून सुटल्यापासून साधारण 0.4 सेकंदात बॅटरपाशी! निर्णय घ्यायचा, बॅट फिरवायची, सगळं त्या एका झटक्यात.

म्हणजे बॉल शेवटपर्यंत बघून मग फटका ठरवायला वेळच नसतो. चांगला बॅट्समन अंदाज बांधतो. 2000 साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश संशोधकांनी तीन वेगवेगळ्या दर्जाच्या बॅट्समनच्या डोक्यावर कॅमेरा लावून त्यांचे डोळे कुठे जातात ते तपासलं. गंमत अशी की, तिघांपैकी कोणीच बॉल पूर्ण वेळ बघत नव्हतं. हातातून सुटताना बघायचं, मग नजर उडी मारून थेट टप्पा पडणार त्या जागी जाऊन थांबायची आणि टप्प्यानंतर पुन्हा बॉल पकडायचा. जो जितका चांगला बॅट्समन, त्याची ती उडी तितकी लवकर.

हा अंदाज येतो कुठून? बॉलरच्या धावेतून, खांद्यातून, मनगटातून, बॉल सुटतानाच्या बोटांतून. हजारो बॉल बघून डोक्यात साठलेल्या अनुभवातून.

याचा सगळ्यात धम्माल पुरावा बेसबॉलमध्ये आहे. अल्बर्ट पुहोल्स हा अमेरिकेतला जबरदस्त हिटर. 2003 साली त्यानं नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बॅटिंग अ‍ॅव्हरेज नोंदवलेलं. 2004 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात त्याच्यासमोर आली जेनी फिंच, सॉफ्टबॉलची पिचर. सॉफ्टबॉलचा बॉल मोठा, वेगही बेसबॉलपेक्षा कमी. पण तो अंडरआर्म येतो आणि जवळून येतो. पुहोल्ससाहेबांनी बॅट फिरवली आणि हवा कापून परत गेले. ताकद तीच, डोळे तेच, रिफ्लेक्स तेच. पण त्या हाताची भाषा त्याला वाचता येत नव्हती.

आता आमच्या साहेबांचा नेट आठवा. पंधरा पावलांवरून वडिलांच्या हातातून पन्नास सारखे बॉल. बॉलरची धाव नाही, मनगट नाही, काही ओळखायची गरजच नाही. पोरगं फटका शिकत होतं, पण बॉल वाचायला शिकतच नव्हतं. मग रोह्याच्या पोरानं एक स्लोअर टाकल्यावर दुसरं काय होणार?

45 बॉलची गोष्ट

याच मुद्द्यावर बेसबॉलमध्ये एक भारी प्रयोग झालाय. 1994 साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंचे तीन गट केले. दोन गटांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या सरावाशिवाय 45 पिच जास्तीचे खेळायला दिले. त्यात 15 फास्टबॉल, 15 कर्व्हबॉल आणि 15 चेंजअप, म्हणजे वेग कमी करून फसवणारा बॉल. दोन्ही गटांना बॉल तितकेच, प्रकार तेच. फरक एकच होता.

एका गटाला आधी सगळे 15 एका प्रकारचे, मग 15 दुसऱ्या प्रकारचे, मग 15 तिसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या गटाला सगळी सरमिसळ, पुढचा कोणता येईल याचा पत्ताच नाही. तिसऱ्या गटाला जास्तीचं काहीच नाही.

शेवटी मॅचसारखी सरमिसळ परीक्षा घेतली, तेव्हा जास्तीचा सराव न केलेला गट साधारण 6 टक्क्यांनी सुधारला होता. ओळीनं सराव करणारा 25 टक्क्यांनी. आणि सरमिसळ सराव करणारा? 57 टक्के! वेळ तेवढाच, मेहनत तेवढीच आणि फायदा दुपटीहून जास्त.

पण यात एक ग्यानबाची मेख आहे. सरमिसळ सराव करताना पोरगं वाईट दिसतं. सारखं चुकतं, बीट होतं, बोल्ड होतं. एकसारखे बॉल खेळताना मात्र दहाव्या बॉलपासून सगळं मस्त जमतं. बघणाऱ्या आईबाबांना वाटतं, वा, काय प्रगती आहे! खरं तर ती प्रगती त्या नेटपुरतीच असते.

ओळखीचं वाटतंय? आपण तरी वेगळं काय करतो? रविवारी रात्री बेडरूमच्या आरशासमोर प्रेझेंटेशन पाच वेळा धडाधड म्हणतो. सोमवारी क्लायंट तिसऱ्याच स्लाइडला थांबवून विचारतो, 'हा आकडा कुठून आला?' आणि आपला मिडल स्टंप आडवा. आरसा प्रश्न विचारत नाही ना!

शिवाजी पार्कचा एक रुपया

हे सगळं वाचून झाल्यावर माझी ट्यूब पेटली. अरे, हे तर आपल्या दादरला एका माणसाला कुठल्याही प्रयोगाशिवाय माहीत होतं! रमाकांत आचरेकर सर.

1984 च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्या कॅम्पात आला. तोपर्यंत तो वांद्र्याच्या साहित्य सहवास कॉलनीत टेनिस बॉलनं खेळायचा. सचिननं आत्मचरित्रात त्या पहिल्या सुट्टीचा हिशोब दिलाय. 60 दिवसांत 55 मॅच! सकाळी साडेसातला नेट, मग थेट मॅच, मग पुन्हा संध्याकाळचे नेट. सरांचा फंडा क्लिअर होता. नेट ही तयारी, शिकायचं ते मॅचमध्ये.

आणि दिवसाच्या शेवटी ती फेमस पंधरा मिनिटं. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. कॅम्पातले सगळे बॉलर एकामागून एक येऊन बॉल टाकणार, साठ-सत्तर पोरं चहूबाजूंनी फील्डिंगला. आउट न होता टिकला तर रुपया सचिनचा, नाहीतर गेला. एवढ्या फील्डरांत हवेत मारणं म्हणजे आत्महत्याच, त्यामुळे प्रत्येक बॉल जमिनीलगत. सचिननं जिंकलेली अशी 13 नाणी जपून ठेवली, हा किस्सा तर जगप्रसिद्ध झालाय.

आता नीट बघा त्या पंधरा मिनिटांत काय काय होतं. वेगवेगळे बॉलर, म्हणजे सरमिसळ. खरे फील्डर, म्हणजे गॅप शोधणं आलं. आउट झाला की संपलं, म्हणजे चुकीची किंमत मोजायची. आणि दिवसभर खेळून पाय भरून आलेले, म्हणजे मॅचच्या शेवटाची सवय. अमेरिकेतल्या प्रयोगाच्या दहा वर्षं आधी, एका नाण्याच्या खर्चात, शिवाजी पार्कच्या मातीत!

सरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 ला ते गेले. सचिन, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर ही त्यांच्या हाताखालून गेलेली नावं. अर्थात कॅम्पात आलेला प्रत्येक जण सचिन झाला नाही आणि एक रुपयानं कोणी सचिन होतही नाही. पण मॅचमध्ये उतरताना त्या पोरांना मॅच नवीन वाटत नसे, हे मात्र खरं.

आणि बॉस, आमच्या रायगडला तरी हे कुठे नवीन आहे? भात कापून झालं की पेण, रोहा, अलिबाग पट्ट्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. दिवे लावून रात्रभर मॅच, माइकवर कॉमेंटरी, यूट्यूबवर लाइव्ह, टेबलावर माणसाच्या उंचीचे चषक. त्यातल्या बॅट्समनना कोणी नेट दिला? ते लहानपणापासून फक्त मॅच खेळलेत. वाडीतल्या अंगणात, एक टप्पा आउट, विहिरीत गेला तर आउट, म्हाताऱ्या आजीच्या वाळवणावर गेला तर डबल आउट!

आमचे साहेबही टेनिस बॉलवर सॉलिड खेळतात. दादाला मी तेच विचारलं, 'टेनिसवर तो घाबरतो का?' दादा क्षणभर थांबून म्हणाला, 'नाय गं. तिथे तर मोठ्या पोरांना पण धुतो.' मग मनाचा कच्चेपणा फक्त सीझन बॉलच्याच वेळी कसा येतो?

'एल्बो वर घे, एल्बो!'

आता जरा नाजूक विषय. आईबाबा, काका, मामा, आत्या आणि कोच मंडळी, हा भाग तुमच्यासाठी.

मॅच चालू आहे, बॉलर धावतोय आणि बाहेरून आवाज येतो, 'पाय पुढे टाक! एल्बो वर!' हेतू चांगलाच असतो. पण 2004 मध्ये रॉब ग्रे या संशोधकानं बेसबॉल खेळाडूंना पडद्यावरच्या कृत्रिम पिचवर बॅटिंग करायला लावली. काही वेळा त्यांना मध्येच एक सूर ऐकवून विचारलं, आत्ता तुमची बॅट वर जात होती की खाली? म्हणजे लक्ष स्वतःच्या हालचालीकडे. काही वेळा फक्त तो सूर बारीक होता की जाड, एवढंच विचारलं. मुरलेल्या खेळाडूंची बॅटिंग बिघडली ती स्वतःच्या बॅटकडे लक्ष द्यायला लावल्यावर. नवशिक्यांना मात्र तसा तोटा झाला नाही.

मतलब काय? अगदी नवीन पोराला सरावात एल्बो सांगा, जरूर सांगा. पण जे अंगात मुरलंय, त्याच्याकडे ऐन मॅचमध्ये लक्ष वेधलंत तर ते विस्कटतं. जिना भराभर उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघा. धडपडलात ना!

शिवाय नुसतं कोणीतरी बघतंय याचंही ओझं असतं. थेट सचिनचाच किस्सा घ्या. मोठा भाऊ अजित त्याला पहिल्यांदा आचरेकर सरांकडे घेऊन गेला, तेव्हा सर समोर उभे असताना सचिनला धड खेळताच येईना. सरांनी तर हा लहान आहे, नंतर आणा, असंच सांगितलेलं. अजितनं विनंती केली की आणखी एक संधी द्या, पण गेल्यासारखं करून जरा लांबून बघा. सर लांब गेले आणि पोरगा मोकळेपणानं खेळला. पुढचा इतिहास मी सांगायला नको.

विचार करा, त्या दिवशी सर जागचे हलले नसते तर?

झीरोचं गणित

तिसरी गोष्ट अपयशाची. दादाची सगळ्यात मोठी तक्रार होती, पाच मॅचमध्ये फेल.

टेड विल्यम्स हा बेसबॉलचा महान हिटर. 1941 च्या सीझनला त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .406. म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर दहा संधींत साधारण चार हिट. त्यानंतर मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझन .400 च्या वर कोणाला राहता आलेलं नाही. थोडक्यात, तिथला अजरामर विक्रम म्हणजे दहापैकी सहा वेळा फेल होणं! बेसबॉलचं पोरगं हे गणित ऐकतच मोठं होतं. आपल्याकडे मात्र एक झीरो झाला की घरात सुतक.

आणि सचिन? सरांच्या क्लबकडून पहिल्या मॅचला पहिल्याच बॉलवर आउट. दुसऱ्या मॅचलाही झीरो. तिसऱ्या मॅचला सात बॉल खेळून एक रन. हेही त्यानंच सांगितलंय. फरक एवढाच की त्या सुट्टीत त्याच्यासमोर आणखी पन्नासहून जास्त मॅच होत्या. आपल्या पोरांना वर्षात दहा मॅच मिळतात, त्यामुळे प्रत्येक मॅच बोर्डाच्या परीक्षेसारखी वाटते. भीती कमी करायचा सोपा उपाय म्हणजे मॅच वाढवा. अर्धी टीम, चार ओव्हर, अंगणात का होईना.

हे ट्राय करा!

दादा आणि मी मिळून फोनवर जे ठरवलं, ते असं. तुमच्या सोसायटीत, गावात, भाच्यापुतण्यांवर वापरून बघा.

● साठ एकसारख्या बॉलऐवजी चोवीस वेगवेगळे बॉल. एक फास्ट, एक स्लोअर, एक स्पिन, एक बाहेरचा. पुढचा कोणता, हे सांगायचं नाही. नवीन फटका शिकवताना सुरुवातीला सारखे बॉल चालतील, पण तो जरा जमला की लगेच सरमिसळ.

● शक्य तितका वेळ खऱ्या बॉलरसमोर. मशीनला खांदा नसतो, मनगट नसतं, त्यामुळे वाचायलाही काही नसतं.

● प्रत्येक ओव्हरला एक गोष्ट द्या. 12 बॉल 15 रन हवेत. किंवा समोर शेवटची विकेट, फक्त टिकायचंय. फील्डर कमी असले तर चपला ठेवा, पण गॅप दिसू दे.

● आउट म्हणजे आउट. 'चल, अजून एक बॉल घे' हे बंद. पॅड काढायचे आणि फील्डिंगला जायचं.

● सोडलेल्या बॉललाही शाबासकी. न मारायचं ठरवणं हासुद्धा निर्णयच. बेसबॉलमध्ये तर चार खराब पिच सोडले की फुकट बेस मिळतो!

● मॅच चालू असताना बाहेरून एकही सूचना नाही. मॅचनंतर दोनच प्रश्न विचारायचे. बॉलर काय करत होता? पुढच्या वेळी तू काय करशील? उत्तर आधी त्याला देऊ द्या. आणि हे सगळं जेवण झाल्यावर.

● शेवटची पाच मिनिटं नाण्याची. एक रुपयाला आता काही येत नाही, त्यामुळे आम्ही दहाचं ठेवलं.

मार्चमधला रविवार

सगळं छान छान झालं असं समजू नका. तिसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला, 'अगं, तुझ्या नादाला लागून पोरगं येत होतं तेही विसरलं! आज नेटमध्ये पाच वेळा बोल्ड झालाय.' मी म्हटलं, 'दादा, नेटमध्येच झालाय ना? होऊ दे.' मनातून मात्र माझीही टरकली होती. गेली ना माझी आत्यागिरी पाण्यात!

मार्चमध्ये पुन्हा गेले. या वेळी थंडी नव्हती, शाल नव्हती. अंबेच्या काठानं गरम वारा सुटलेला. रोह्याची तीच टीम आली होती आणि तोच स्लोअरवाला बॉलरही.

साहेब उतरले. मी सवयीनं सीमारेषेकडे बघितलं, दादा जागेवर नाही. शोधलं तर तिकडे, आंब्याच्या झाडामागे! हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. बोलायचं नाही म्हणजे नाही. मला हसू आवरेना. मामी म्हणाली, 'गेल्या महिन्यापासून हे असंच. घरी पण कमी बोलतो आता, बरंय!'

पहिला बॉल बाहेरचा. सोडला. दुसरा पायावर, एक रन. पुढच्या ओव्हरला तो बॉलर आला. मी श्वास रोखून धरलेला. चौथा बॉल तसाच, हळू. साहेबांची बॅट वर गेली... आणि थांबली. एक क्षण. मग कव्हरमधून जमिनीलगत, दोन रन. टॉक् असा आवाज काही आला नाही. बॉल जरा खालीच लागला होता. देखणं बिलकूल नव्हतं. पण वाचला होता, बॉस. बॉल वाचला होता त्यानं!

एकूण 23 बॉल, 14 रन. मग एका सरळ बॉलवर पायचीत. मॅच आम्ही हरलो. वर्तमानपत्रात छापून यावं असं काहीच झालं नाही.

पण या वेळी साहेब किटबॅगमागे गेले नाहीत. पॅड काढले, स्कोअरबुक घेऊन बसलेल्या पोराशेजारी जाऊन बसले आणि पुढच्या बॅट्समनला ओरडून सांगायला लागले, 'तो स्लोअर टाकताना हात उशिरा फिरवतो रे, बघ!' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'आत्या, पुढच्या रविवारी पेणला मॅच आहे. येशील?'

दादा झाडामागून बाहेर आला. बोलला काहीच नाही. खिशातून दहाचं नाणं काढलं आणि पोराच्या हातावर ठेवलं.

साहेबांनी ते परत केलं. 'पप्पा, आउट झालोय ना मी? मग कसले दहा रुपये!'